जनरल जेम्स ओगलथॉर्प : ऋणकोंचे कैवारी व जॉर्जिया वसाहतीचे संस्थापक

कर्ज म्हणजे काय हें आपल्या खेड्यापाड्यांतील मनुष्यास कोणी शिकवावें लागत नाहीं. पाऊस गेला, बैल मेला, लेकीचें लग्न निघालें, कीं घरधनी कागदावर अंगठा उठवितो, आणि पुढें व्याज मुदलाच्या वर चढूं लागतें. परंतु फेडतां न आलेल्या कर्जापायीं मनुष्यास तुरुंगांत घालावें, तेथें राहण्याचे, अंथरुणाचे, इतकेंच नव्हे तर पायांतील बेड्या हलक्या करण्याचेहि पैसे त्याजकडून मागावे, आणि पैसे न मिळाल्यास त्यास देवीच्या रोग्यांत नेऊन कोंडावें, असा प्रकार अठराव्या शतकांत इंग्लंड देशांत घडत असे. त्या प्रकाराविरुद्ध ज्या गृहस्थांनीं पार्लमेंटांत आवाज उठविला तेच पुढें अमेरिकेंत एका वसाहतीचे संस्थापक झाले, आणि तेथें गुलाम ठेवूं नये व कडक दारू आणूं नये असा कायदा त्यांनीं चालविला. जनरल जेम्स एडवर्ड ओगलथॉर्प हें त्यांचें नांव. त्यांच्या हातून चुकाहि झाल्या, आणि ज्या कामासाठीं ते झटले त्यांतील मोठा भाग त्यांच्या हयातींतच मोडला. म्हणून त्यांचें चरित्र जसें घडलें तसेंच सांगणें बरें.

कुळ व तारुण्य

ओगलथॉर्प ह्यांचा जन्म लंडन शहरीं ता. २२ डिसेंबर १६९६ रोजीं झाला. त्यांचे वडील सर थिओफिलस हे दुसरा जेम्स राजा ह्याच्या सैन्यांतील सरदार होते. इ. स. १६८८ च्या क्रांतींत तो राजा पदच्युत होऊन फ्रान्स देशीं पळाला, तरी ह्या घराण्याची निष्ठा त्याच्याकडेच राहिली. मुलींपैकीं कांहीं तर फ्रान्सांत जाऊन राहिल्या. त्यामुळें हें कुटुंब राजद्रोही आहे असा संशय लोकांच्या मनांत असे, आणि तो संशय आमच्या चरित्रनायकाच्या मागें जन्मभर सावलीसारखा लागला.

ईटन येथील शाळेंत व ऑक्सफर्ड येथील कॉर्पस ख्रिस्ती कॉलेजांत त्यांचें शिक्षण झालें. परंतु पुस्तकांपेक्षां तरवारीकडे त्यांचा ओढा अधिक होता. युरोपांत ऑस्ट्रियाचा प्रख्यात सेनापति राजपुत्र यूजीन ह्याच्या पदरीं राहून त्यांनीं तुर्कांविरुद्ध लढाई केली, आणि इ. स. १७१७ मध्यें बेलग्रेडच्या वेढ्यांत ते हजर होते. नंतर स्वदेशीं परत येऊन ते इ. स. १७२२ सालीं हेझलमियर गांवातर्फे पार्लमेंटाचे सभासद झाले, आणि ती जागा त्यांनीं ३२ वर्षें राखिली.

त्याच वर्षींची एक गोष्ट झांकून ठेवूं नये. लंडनांतील एका बदनाम घरीं रात्रीं मद्याच्या धुंदींत भांडण होऊन त्यांच्या हातून एक मनुष्य ठार झाला, आणि ओगलथॉर्प ह्यांस कित्येक महिने कैदेंत काढावे लागले, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. म्हणजे तुरुंगाची भिंत आंतून कशी दिसते हें त्यांस ठाऊक होतें. रागाची ही ठिणगी त्यांच्या स्वभावांत पुढेंहि राहिली. एका प्रसंगीं तिचें दर्शन आपणांस घडेल.

मित्राचा मृत्यु

रॉबर्ट कॅस्टेल नांवाचे एक गृहशिल्पशास्त्रज्ञ ओगलथॉर्प ह्यांचे मित्र होते. प्राचीन रोमी लोकांच्या वाड्यांविषयीं त्यांनीं एक मोठें सचित्र पुस्तक तयार केलें. परंतु ते कर्जांत बुडाले व त्यांची रवानगी लंडनांतील फ्लीट नांवाच्या तुरुंगांत झाली. ह्या तुरुंगाचा अधिकारी टॉमस बॅम्ब्रिज ह्यानें आपली जागा पैसे देऊन विकत घेतली होती, आणि तो पैसा कैद्यांकडून पिळून काढणें हाच त्याचा धंदा होता. कॅस्टेल ह्यांस त्याची मागणी पुरी करितां येईना, तेव्हां ज्या घरांत देवीची सांथ होती तेथें त्यांस ठेवण्यांत आलें. आपणांस अद्याप देवी आल्या नाहींत, तेथें पाठविल्यास आपला जीव जाईल, अशी त्यांनीं विनवणी केली. ती व्यर्थ झाली. इ. स. १७२८ च्या डिसेंबरांत ते त्याच रोगानें मरण पावले, आणि त्यांची बायको व लहान मुलें उघडीं पडलीं.

मित्र मेला म्हणजे मनुष्य रडतो, आणि थोड्या दिवसांनीं आपल्या कामास लागतो. ओगलथॉर्प ह्यांनीं आपल्या दुःखाचेंच काम केलें. इ. स. १७२९ च्या फेब्रुवारींत त्यांच्या सूचनेवरून पार्लमेंटानें तुरुंगांची चौकशी करण्यास एक कमिटी नेमिली व त्यांसच तिचे अध्यक्ष केलें. ही कमिटी कचेरींत बसून राहिली नाहीं. तिचे सभासद स्वतः फ्लीट, मार्शलसी व किंग्ज बेंच ह्या तुरुंगांत उतरले. तेथें एक सर किताब असलेले गृहस्थहि बेड्यांत जखडलेले त्यांस आढळले. मग गोरगरिबांचें काय वर्णावें? कोंदट खोल्यांत माणसें दाटीनें भरलीं होतीं, कित्येक अन्नावांचून मरणाच्या दारीं टेंकलीं होतीं, आणि कित्येकांस छळण्याचीं लोखंडी साधनें लाविलेलीं होतीं. विल्यम होगार्थ ह्या प्रसिद्ध चित्रकारानें ह्या कमिटीच्या बैठकीचें चित्र काढिलें आहे.

बॅम्ब्रिजवर खटला झाला, परंतु पंचांनीं त्यास निर्दोष ठरविलें. तथापि पार्लमेंटानें कायदा करून त्यास त्या जागेवरून काढिलें, आणि दुसऱ्या कायद्यानें हजारों ऋणको मोकळे झाले. तुरुंगांतील सर्व दुष्कर्में ह्यामुळें बंद झालीं असें नाहीं. पुढें जवळजवळ अर्ध्या शतकानें जॉन हॉवर्ड ह्यांस तेंच काम पुन्हां हातीं घ्यावें लागलें. परंतु जें आजवर भिंतीआड होतें तें एकदां उजेडांत आलें.

वसाहतीची कल्पना

तुरुंगाचें दार उघडलें, पण बाहेर काय होतें? मोकळे झालेले पुष्कळ लोक लंडनच्या रस्त्यांवर काम नाहीं, अन्न नाहीं, अशा दशेंत भटकूं लागले. अशांस अमेरिकेंत जमीन देऊन उभें करावें असा विचार ओगलथॉर्प ह्यांच्या मनांत आला. कमिटींतील त्यांचे स्नेही लॉर्ड पर्सिव्हल, तसेंच ख्रिस्ती ज्ञानप्रसारक मंडळीचे संस्थापक डॉ. टॉमस ब्रे ह्यांच्या भोंवतालचे सद्‌गृहस्थ त्यांस मिळाले. इ. स. १७३२ सालीं दुसरा जॉर्ज राजा ह्यानें सनद दिली, आणि राजाच्या नांवावरून वसाहतीस जॉर्जिया हें नांव पडलें. सनदेंतील २१ विश्वस्तांपैकीं कोणीहि वसाहतींत जमीन घेऊं नये, पगार घेऊं नये, फायद्याची जागा घेऊं नये, अशी अट होती. आपल्यासाठीं नव्हे तर दुसऱ्यांसाठीं, असा अर्थ असलेलें लॅटिन वचन त्यांच्या शिक्क्यावर होतें.

सरकारचा हेतु मात्र केवळ परोपकाराचा नव्हता. दक्षिणेस फ्लॉरिडा प्रांतांत स्पेनचें राज्य होतें, आणि दक्षिण कॅरोलायना ह्या श्रीमंत वसाहतीस एक कुंपण पाहिजे होतें. तसेंच, जॉर्जियांत जे लोक गेले त्यांत तुरुंगांतून थेट आलेले ऋणको फार थोडे निघाले. बहुतेक गरीब कारागीर व लहान दुकानदार होते. जॉर्जिया ही कैद्यांची वसाहत होती असें कित्येक पुस्तकांत लिहिलेलें असतें, तें बरोबर नाहीं.

इ. स. १७३२ च्या नोव्हेंबरांत ॲन नांवाच्या जहाजावर सुमारें ११४ माणसें निघालीं, आणि ओगलथॉर्प स्वतः त्यांच्याबरोबर गेले. ता. १२ फेब्रुवारी १७३३ रोजीं सॅव्हाना नदीच्या उंच कांठावर ते उतरले. तेथें त्यांनीं जें शहर आंखिलें त्याचे चौक आजहि पाहावयास मिळतात. ठराविक घरांमागें एक मोकळा चौक, असा तो आराखडा होता. धर्मादाय खर्चानें आलेल्या प्रत्येक कुटुंबप्रमुखास घराची जागा, ५ एकर बाग व शेत मिळून ५० एकर जमीन मिळे. कोणाहि एकास ५०० एकरांपेक्षां अधिक देण्याची मनाई होती, आणि जमीन विकण्यास किंवा गहाण टाकण्यास परवानगी नव्हती. सावकाराच्या हातीं शेत जाऊं नये हा त्यांतील एक हेतु होता. परंतु मुलीस वारसा मिळत नसे, हा त्यांतील दोषहि होता, आणि त्यावरून पुष्कळ तक्रारी झाल्या.

परके व शेजारी

ज्या कांठावर शहर वसलें तेथें जवळच यामाक्रॉ नांवाच्या मूळ रहिवाशांची वस्ती होती. त्यांचे वृद्ध पुढारी तोमोचिची ह्यांच्याशीं ओगलथॉर्प ह्यांनीं मैत्री जोडिली. मेरी मसग्रोव्ह ह्या बाईची आई क्रीक जातीची व वडील इंग्रज होते. दोन्ही भाषा जाणणाऱ्या ह्या बाईनें दुभाष्याचें काम केलें. ओगलथॉर्प ह्यांनीं क्रीक लोकांशीं करार करून जमीन घेतली, आणि व्यापाऱ्यांनीं त्यांस फसवूं नये म्हणून नियम केले. इ. स. १७३४ मध्यें ते तोमोचिची, त्यांची पत्नी सेनौकी व पुतण्या तूनाहोवी ह्यांस इंग्लंडास घेऊन गेले, आणि राजानें त्यांचा सत्कार केला. इ. स. १७३९ सालीं तोमोचिची वारले, तेव्हां त्यांच्या प्रेतास खांदा देणाऱ्यांत स्वतः ओगलथॉर्प होते, आणि सॅव्हानाच्या एका चौकांत मानानें त्यांचें दफन झालें. तथापि हेंहि सांगितलें पाहिजे कीं, जो प्रदेश स्नेहानें उघडला गेला तोच पुढच्या पिढ्यांच्या लोभास मोकळा झाला, आणि इ. स. १८३० नंतरच्या दशकांत त्या प्रांतांतील मूळ रहिवाशांस आपल्या भूमींतून हांकलून देण्यांत आलें.

इ. स. १७३३ च्या उन्हाळ्यांत वसाहतींत तापाची सांथ पसरून पुष्कळ माणसें दगावलीं. त्याच वेळीं सुमारें ४० यहूदी लोकांचें एक जहाज आगाऊ सूचनेवांचून येऊन उभें राहिलें. लंडनांतील विश्वस्तांस ते नको होते. परंतु सनदेंत केवळ रोमन कॅथलिकांस बंदी आहे, यहूद्यांस नाहीं, असें पाहून ओगलथॉर्प ह्यांनीं त्यांस उतरूं दिलें व जमीन दिली. त्यांच्यांतील डॉ. नुनेझ ह्यांनीं आजाऱ्यांची शुश्रूषा केली व पुष्कळांचे प्राण वांचले. ज्यास दाराबाहेर ठेवावें असें वरिष्ठ म्हणत होते त्याच्याच हातून घरांत आरोग्य आलें.

पुढच्या वर्षीं ऑस्ट्रियांतील साल्झबुर्ग येथील प्रॉटेस्टंट लोक आले. तेथील आर्चबिशपानें त्यांस धर्माकरितां घरदार सोडावयास लाविलें होतें. त्यांनीं आपल्या गांवाचें नांव एबेनेझर ठेविलें. त्यांचे पाळक बोल्त्सियस व ग्रोनाऊ हे जर्मनींतील हाले येथील संस्थांतून आलेले होते. ज्या हाले गांवांत शिकून झीगेनबाल्ग इ. स. १७०६ मध्यें आपल्या देशांत तरंगंबाडीस आले, तेंच हें हाले. एकाच विहिरीचें पाणी पूर्वेस व पश्चिमेस असें वाहत गेलें.

वेस्ली बंधु व एक प्रसंग

इ. स. १७३५ च्या अखेरीस ओगलथॉर्प दुसऱ्यांदा जॉर्जियास निघाले, तेव्हां त्यांच्या जहाजावर जॉन व चार्ल्स वेस्ली हे दोघे तरुण बंधु होते. ह्याच प्रवासांत भयंकर तुफान झालें असतां मोरेव्हियन लोक शांतपणें स्तोत्रें गात राहिले, आणि आपला विश्वास किती उणा आहे हें जॉन वेस्ली ह्यांस उमजलें. चार्ल्स हे ओगलथॉर्प ह्यांचे चिटणीस होते; परंतु फ्रेडेरिका येथें चहाड्यांमुळें दोघांत इतका बिघाड झाला कीं, आजारी चार्ल्सकडे पाहण्यासहि कोणी धजेना. पुढें खरें कळल्यावर ओगलथॉर्प ह्यांनीं त्यांच्याशीं समेट केला.

वेस्लींच्या चरित्रांतून एक गोष्ट सांगत असतात. जहाजावर ओगलथॉर्प ह्यांचा आवडता द्राक्षारस त्यांच्या नोकरानें पिऊन टाकिला. ते इतके संतापले कीं, त्या नोकरास बांधून दुसऱ्या जहाजावर पाठविण्याचा हुकूम त्यांनीं दिला, आणि आपण कधीं क्षमा करीत नसतों असें जॉन वेस्ली ह्यांस ऐकविलें. वेस्ली ह्यांनीं शांतपणें उत्तर दिलें कीं, तसें असेल तर आपण कधीं पापहि करीत नसाल अशी मला आशा आहे. सेनापति क्षणभर स्तब्ध राहिले. मग खिशांतील किल्ल्यांचा जुडगा त्या नोकरापुढें टाकून त्यांनीं त्यास पुढें नीट वागण्यास सांगितलें. हजारों ऋणकोंस ज्यांनीं सोडविलें त्यांस एका ऋण्यास सोडणें त्या दिवशीं जड गेलें होतें. प्रभूनें शिकविलेल्या प्रार्थनेंत पापास ऋण कां म्हटलें आहे, हें ह्या गोष्टीवरून लहान मुलासहि समजेल.

गुलामगिरीचा प्रश्न

इतर इंग्रज वसाहतींत गुलाम होते, जॉर्जियांत इ. स. १७३५ च्या कायद्यानें गुलाम ठेवण्याची व रम दारूची मनाई झाली. ओगलथॉर्प ह्या विषयांत आरंभापासून निर्मळ होते असें नाहीं. ते गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीचे डेप्युटी गव्हर्नर होते, आणि सॅव्हाना वसवितांना प्रथम कॅरोलायनाहून आलेल्या गुलामांकडून लांकडें कापविलीं होतीं. परंतु एक पत्र त्यांच्या हातीं आलें. अयुबा सुलेमान डियालो नांवाचा आफ्रिकेंतील एक सुशिक्षित मुसलमान पकडला जाऊन मेरीलँडांत गुलाम झाला होता. आपल्या बापास त्यानें अरबी भाषेंत लिहिलेलें पत्र फिरत फिरत ओगलथॉर्प ह्यांच्याकडे आलें. त्यांनीं ऑक्सफर्ड येथें त्याचें भाषांतर करविलें, आणि त्या मनुष्याच्या सुटकेसाठीं स्वतः हमी दिली. इ. स. १७३४ मध्यें डियालो आपल्या देशीं परत गेला. इकडे ओगलथॉर्प ह्यांनीं कंपनींतील आपले भाग विकून तिच्याशीं संबंध तोडला.

वसाहतींत मात्र कुरकूर सुरू झाली. शेजारच्या कॅरोलायनांत गोरे लोक गुलामांच्या घामावर श्रीमंत होत आहेत, आणि आम्हीं मात्र उन्हांत स्वतः राबावें काय? इ. स. १७३८ च्या डिसेंबरांत सॅव्हानाच्या शंभरांहून अधिक लोकांनीं गुलाम मिळावे असा अर्ज केला. उलट पक्षीं डेरियन येथील १८ स्कॉटिश डोंगरी लोकांनीं व एबेनेझरच्या साल्झबुर्गी लोकांनीं गुलाम नकोत असे अर्ज लिहिले. कोणाहि मनुष्यजातीस कायमचें दास्यांत ठेवणें हें माणुसकीस काळिमा आहे, आणि त्याचा झाडा एके दिवशीं रक्तानें द्यावा लागेल, असा डेरियनच्या अर्जाचा आशय होता. ओगलथॉर्प ह्यांनीं मनाई उठूं दिली नाहीं. फ्लॉरिडाचे स्पॅनिश लोक पळून आलेल्या गुलामांस स्वातंत्र्य देत असत, म्हणून सरहद्दीवर गुलाम असणें धोक्याचें आहे, हेंहि एक कारण त्यांच्यापुढें होतें. पण केवळ तेंच नव्हतें.

लढाया

इ. स. १७३९ मध्यें स्पेनशीं युद्ध जुंपलें. ओगलथॉर्प ह्यांस जॉर्जियाचे गव्हर्नर म्हणत असले तरी ती पदवी त्यांस रीतसर मिळालेली नव्हती. ते विश्वस्त व दोन वसाहतींच्या फौजेचे सेनापति होते. इ. स. १७४० सालीं त्यांनीं फ्लॉरिडांतील सेंट ऑगस्टीन शहरास वेढा दिला, परंतु किल्ला हटला नाहीं, आजार पसरला, आरमार निघून गेलें, आणि त्यांस हात हलवीत परतावें लागलें. दोन वर्षांनीं स्पॅनिश सैन्य सेंट सायमन्स बेटावर उतरलें. तें ओगलथॉर्प ह्यांच्या दुपटीहून अधिक होतें. जुलै १७४२ मध्यें दलदलीच्या रानांत झालेल्या चकमकींत स्पॅनिश तुकड्या मागें हटल्या. मग एक फ्रेंच मनुष्य फितूर होऊन शत्रूस मिळाला असतां ओगलथॉर्प ह्यांनीं त्याच्या नांवें असें पत्र पाठविलें कीं, तो आपलाच हेर असून मोठें इंग्रज आरमार येत आहे असें शत्रूस वाटावें. योगायोगानें त्याच सुमारास कांहीं इंग्रज जहाजें दृष्टीस पडलीं, आणि स्पॅनिश सैन्य बेट सोडून गेलें. वसाहत वांचली.

घरचा न्याय

इ. स. १७४३ मध्यें ते इंग्लंडास परत आले, ते पुन्हां जॉर्जियास गेले नाहींत. वसाहतीसाठीं त्यांनीं स्वतःची मालमत्ता गहाण ठेवून खर्च केला होता; हिशेबाची पुष्कळ तपासणी होऊन सरकारनें तो भरून दिला. त्यांच्याच हाताखालच्या एका अंमलदारानें त्यांच्यावर १९ आरोप ठेविले. लष्करी न्यायसभेनें इ. स. १७४४ मध्यें ते सर्व फेटाळले. त्याच वर्षीं त्यांचा विवाह एलिझाबेथ राइट ह्यांच्याशीं झाला व एसेक्स परगण्यांतील क्रॅनम येथें ते राहूं लागले. त्यांस मूलबाळ झालें नाहीं. इ. स. १७४५ च्या बंडांत बंडखोरांचा पाठलाग करण्यांत त्यांनीं दिरंगाई केली असा पुन्हां आरोप आला, कारण घराण्याचा जुना संशय लोक विसरले नव्हते. ह्यांतूनहि ते निर्दोष सुटले, तरी ब्रिटिश फौजेची कामगिरी त्यांस पुन्हां मिळाली नाहीं. इ. स. १७५४ मध्यें पार्लमेंटांतील जागाहि गेली.

ह्याहून मोठें दुःख वसाहतीचें होतें. ते तेथून गेल्यावर मनाईची भिंत ढांसळूं लागली. अनाथालय स्थापन करणारे थोर उपदेशक जॉर्ज व्हाइटफील्ड ह्यांनींसुद्धां गुलामांची मागणी उचलून धरली, आणि अनाथांच्या नांवानें गुलाम राबविले. ता. १ जानेवारी १७५१ पासून मनाई उठली. पंचवीस वर्षांच्या आंत जॉर्जियांतील जवळजवळ निम्मे लोक गुलाम होते. त्यानंतर अमेरिकेंत गुलामगिरी बंद होण्यास इ. स. १८६५ साल उजाडावें लागलें, आणि तें मोठ्या रक्तपातानंतर. डेरियनच्या शेतकऱ्यांनीं लिहिलें होतें तसेंच झालें.

वार्धक्य व अंत

म्हातारपणीं ओगलथॉर्प कडवट झाले नाहींत. डॉ. जॉन्सन, गोल्डस्मिथ, बर्क, हॅना मोर अशा विद्वानांची मैत्री त्यांस लाभली. इंग्लंडांत गुलामगिरीविरुद्ध झगडणारे ग्रॅनव्हिल शार्प ह्यांस त्यांनीं वयाच्या ऐंशीच्या सुमारास पत्र लिहून पाठिंबा दिला. इ. स. १७८५ मध्यें जॉन्सन ह्यांच्या ग्रंथांचा लिलांव झाला, तेव्हां ८८ वर्षांचे हे वृद्ध चष्म्यावांचून पुस्तक वाचीत बसलेले एका चित्रकारानें रेखाटले आहेत. त्याच वर्षीं जून महिन्यांत स्वतंत्र अमेरिकेचे पहिले वकील जॉन ॲडम्स लंडनास आले असतां ओगलथॉर्प त्यांच्या भेटीस गेले. ज्या वसाहतीचा पहिला खुंटा त्यांनीं ठोकिला ती आतां दुसऱ्या राष्ट्राचा भाग झाली होती. ता. ३० जून १७८५ रोजीं ते मरण पावले, आणि क्रॅनमच्या देवळांत त्यांची कबर आहे.

वाचकहो, ह्या चरित्राचा हिशेब कसा मांडावा? ओगलथॉर्प ह्यांचा कायदा चांगला होता, परंतु ज्यांनीं तो पाळावयाचा त्यांच्या अंतःकरणांत तो उतरला नव्हता. म्हणून राखणारा दूर होतांच तो मोडला. पंचांनीं गांवांत दारूबंदीचा ठराव केला आणि ठराव करणाऱ्यांच्याच घरीं रात्रीं बाटली फुटली, तर त्या ठरावाचें काय होतें हें आपण जाणतों. तरी चांगला कायदा व्यर्थ गेला असेंहि म्हणतां येत नाहीं. एका मित्राच्या मरणानें एका तरुण सरदाराचे डोळे उघडले नसते, तर हजारों लोक बंदींतच कुजले असते. आणि अठरा शेतकऱ्यांनीं नफ्याविरुद्ध सही केली नसती, तर त्या काळीं दुसरा मार्ग कोणास दिसलाच नाहीं, असें म्हणण्यास लोकांस जागा राहिली असती. आपल्या मंडळींत कोणी कर्जानें वांकलेला आहे काय, कोणी तुरुंगांत आहे काय, कोणी चाकरानें आपलें कांहीं बिघडविलें आहे काय? किल्ल्यांचा जुडगा आपल्याहि खिशांत आहे.